पट्टीखालचा गंज

एकदा एक नियम होता. तो कोणी केला हे कोणी विचारले नव्हते, कारण विचारायचे नाही हाच त्या नियमाचा अर्धा भाग होता.

समुद्र आणि घाट यांच्या मध्ये, जिथे रस्ता सपाटी सोडून चढाला लागतो तिथे, एका वृद्ध मेस्त्रींचे गॅरेज होते. ट्रक दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली होती. काम पुरे झाले की ते तांबड्या रंगाच्या डबीत ब्रश बुडवत आणि आवळलेल्या प्रत्येक नटावर, प्रत्येक पट्टीवर एक ठिपका ठेवत. त्या ठिपक्याला पंचक्रोशीत ‘टिळा’ म्हणत. टिळा म्हणजे मेस्त्रींचा शब्द. टिळा लागलेल्या ठिकाणी दुसऱ्या कोणी पाना लावायचा नाही, ते उघडायचे नाही, आणि का नाही हे विचारायचे नाही. घाटाला लागण्यापूर्वी ड्रायव्हर गाडीपुढे वाकत, टिळ्याला बोट लावत आणि तेच बोट कपाळाला टेकवत.

मेस्त्रींचे एक गुरुबंधू त्याच गॅरेजात काम करीत. त्यांचे वय अडुसष्ट होते, तरी सारा गाव त्यांना ‘धाकटे मेस्त्री’ म्हणे. धाकटेपण एकदा चिकटले की वयाने सुटत नाही. नियम सांभाळण्याचे काम या धाकट्यांकडे होते. थोरले मेस्त्री नियम क्वचितच बोलून दाखवत. धाकटे रोज सकाळी बोलून दाखवत.

या गॅरेजात एक मुलगी शिकायला आली. तिच्याजवळ इंजिनिअरिंगची पदवी होती. एका कारखान्यात तिला नोकरीही मिळाली होती, पण तिथे तिला यंत्राजवळ जाऊ न देता यंत्रांच्या याद्या टाइप करायला बसवले. तिसऱ्या महिन्यात ती उठली आणि घाटाच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. म्हणाली, मला हाताने शिकायचे आहे. धाकट्यांनी तिच्या हातांकडे पाहिले, मग थोरल्यांकडे पाहिले, आणि आता हे गॅरेज बुडणार अशा चेहऱ्याने चहा सांगायला गेले.

पहिल्या दिवशी तिने अकरा वेळा ‘का’ विचारले. धाकट्यांनी ते मोजले होते. टिळ्याचा नियम सांगितल्यावर तिने बारावा ‘का’ विचारला, तेव्हा ते म्हणाले, “हे बघ, कॉलेजात प्रश्न विचारले की मार्क मिळतात. इथं पाना मिळत नाही.”

थोरले मेस्त्री हसले. तिला ते ‘वकील’ म्हणू लागले. ती त्यांना आबा म्हणू लागली. त्यांचे हळूहळू बोलणे, चहा निवेपर्यंत एका नटाकडे पाहत बसणे, उत्तराआधी घसा साफ करणे, या सगळ्याने तिचा जीव वर-खाली होई. तरी संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या डब्यातली लसणाची चटणी संपवून जाणारी तीच असे, आणि ‘वकिलाला घे’ म्हणून डबा पुढे करणारे तेच असत.

शिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात मेस्त्रींनी एक चमत्कारिक गोष्ट केली. भंगारातून त्यांनी हातभर लांबीचा एक जुना पाईप काढला. त्याच्या मधोमध एक लोखंडी पट्टी तशीच आवळलेली होती. याच पट्टीने तो पाईप कधीकाळी एखाद्या ट्रकच्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, धरलेला असणार. तो तिच्या हाती देऊन ते म्हणाले, “यात गंज कुठं आहे ते शोध.”

तिला हा अपमान वाटला. पाईप या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबूस झालेला होता. तिने पॉलिश कागद घेतला, तासभर घासला आणि चकचकीत करून परत आणला. मेस्त्रींनी तो उजेडात फिरवून पाहिला. मग त्यांनी स्क्रू सैल करून मधली पट्टी काढली, पाईपाची दोन टोके धरली आणि काडी मोडावी तसा तो मोडला. पाईप बरोबर पट्टीच्या जागी तुटला.

ते म्हणाले, “तू घासलास तो गंज उघड्यावरचा. त्याला वारा लागतो, ऊन लागतं, तो वरवर राहतो. पण पट्टीखाली एकदा खारं पाणी शिरलं की ते बाहेर येत नाही. वारा नाही, उजेड नाही, कोणाची नजर नाही. पाईप जिथं सगळ्यात घट्ट धरलेला असतो तिथंच आधी कुजतो. गाडी बघायची तर तिथं बघ.”

तिने मोडलेला तुकडा घरी नेला आणि खिडकीत ठेवला.

दुसरा धडा तिला फार महागात गेला. गंजलेला नट तिने ताकद लावून उलटा फिरवला आणि त्याच्या कडाच झिजवून टाकल्या; मग पाना त्यावर नुसता गरगर फिरू लागला. धाकटे आनंदाने म्हणाले, “झालं, लाडू वळला.” थोरल्यांनी दुसरा नट दाखवला. त्यावर पातळ तेल सोडले आणि ते वाट पाहत बसले. ती या पायावरून त्या पायावर होत राहिली. खूप वेळाने त्यांनी पाना लावला आणि नट सोडण्याऐवजी केसभर आवळला. टक् असा आवाज झाला. मग तोच नट मुकाट्याने सुटला. “सोडायचं असेल तर आधी जरा आवळायचं,” ते म्हणाले. “त्याला वाटतं आपण त्याच्याच बाजूचे.”

अशी दोन वर्षे गेली. तिला ब्रेक उघडता येऊ लागले, गिअरबॉक्स बसवता येऊ लागला. लांबून येणाऱ्या ट्रकच्या आवाजावरून ती दुखणे सांगू लागली. फक्त तांबड्या रंगाची डबी तिला कधी मिळाली नाही. तिने बसवलेल्या नटांवरही टिळा थोरले लावत. तिला ते खुपे. धाकट्यांचे म्हणणे असे की टिळा हा हाताचा नसतो, वयाचा असतो. आजवर कोणा बाईने तो लावलेला नव्हता, हे ते म्हणत नसत. पण डबी उचलून वरच्या फळीवर ठेवत तेव्हा ते ऐकू येई.

मग मेस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू पाठोपाठ काढावे लागले. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि महिनाभर वाकायचे नाही, धुळीत जायचे नाही असे बजावले. मेस्त्री धुळीत आले, फक्त वाकले नाहीत. ट्रकची एक जुनी सीट चिंचेखाली मांडलेली होती, तिच्यावर ते दिवसभर बसत आणि कानांनी गॅरेज चालवत.

त्याच दिवसांत एका सकाळी मासळीच्या एका व्यापाऱ्याचा ट्रक आला. ट्रक वयस्क होता. रोज पहाटे तो बंदरावर खाऱ्या पाण्यात उभा राही, बर्फात दडवलेली मासळी भरून घेई आणि घाट चढून देशावरच्या बाजाराला जाई. तो चालवणारा दत्ताराम त्याला अठरा वर्षे चालवत होता. त्या दिवशी व्यापारीही पुढे बसून आला होता, कारण माल मोठा होता आणि त्याचा दत्तारामवर विश्वास असला तरी मासळीवर डोळा होता.

दत्तारामने सांगितले की कालपासून चाक जड लागते आहे. डावीकडे वळवताना स्टिअरिंग कण्हते, म्हाताऱ्याला उठवल्यासारखे. धाकट्यांनी तेलाची टाकी उघडून पाहिली. पॉवर स्टिअरिंगचे तेल अर्ध्यावर आले होते. त्यांनी निदान सांगून टाकले: तेल कमी, पंपाचा पट्टा थोडा सैल, तेल भरतो, पट्टा ताणतो, अर्ध्या तासात निघा. व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावर ऊन आले.

मुलगी तोवर गाडीखाली शिरली होती. तेल कमी झाले म्हणजे ते कुठेतरी गेले, एवढे तिला कळत होते. पंपापासून स्टिअरिंगच्या पेटीकडे जाणारी लोखंडी नळी, म्हणजे लाईन, तिने बोटाने चाचपत नेली. चाक वळवायला तेल जो जोर देते तो सगळा याच लाईनमधून जातो. वरून लाईन बरी दिसत होती. मधोमध ती पट्टीने चासीला धरलेली होती, आणि पट्टीच्या खालच्या कडेला तेलाचा एक थेंब जमत होता. पडत नव्हता. नुसता जमत होता. पट्टीवर तांबडा टिळा होता. दोन्ही टोकांच्या नटांवरही होता.

ती बाहेर आली आणि म्हणाली, ही लाईन उघडायला हवी.

धाकट्यांनी टिळा आहे का विचारले. ती हो म्हणाली. मग प्रश्नच मिटला, ते म्हणाले. तीन वर्षांपूर्वी ही लाईन थोरल्यांनी स्वतः बसवली आहे, पाने आपणच त्यांच्या हातात दिले होते. थेंब कुठलाही असू शकतो. जुनी गाडी, थोडे पाझरायचेच. माणूसही या वयात पाझरतो.

ती चिंचेखाली गेली. “आबा, एक लाईन उघडू का?”

“टिळा कोणाचा आहे?”

“तुमचा.”

मेस्त्रींनी घसा साफ केला. काळ्या चष्म्यामागे काय चालले होते ते तिला दिसले नाही. पण त्यांचा हात सीटच्या कडेवर दोनदा फिरला, आणि ती दोन वर्षे त्यांच्या हातांकडे पाहत आली होती, म्हणून त्यांच्या मनाला लागले आहे हे तिला समजले. त्यांचा टिळा उघडू का असे आजवर त्यांना कोणी विचारले नव्हते. आज विचारणारी त्यांच्याच डब्यातली चटणी खाणारी होती, आणि आज ते स्वतः जाऊन पाहूही शकत नव्हते.

“मग मला काय विचारतेस?” ते म्हणाले. “टिळा असला की विचारायचं नाही.”

 ती वळली, फळीवरून रिंग पाना घेतला आणि ट्रककडे गेली. धाकट्यांनी वाट अडवली आणि काय करतेस म्हणून विचारले.

“आबा म्हणाले विचारू नको. म्हणून विचारत नाहीये.”

धाकट्यांना हे समजायला एक क्षण लागला. दत्ताराम खाली पाहून हसला. चिंचेखालून खोकल्यासारखा एक आवाज आला. तो खोकला होता की आणखी काही हे सांगता येत नाही. पण धाकटे हसले नाहीत. ते अगदी शांतपणे म्हणाले, “त्या नटाला पाना लावलास, तर उद्यापासून इथं यायचं नाही.”

तिने थोरल्यांकडे पाहिले. त्यांचा काळा चष्मा रस्त्याकडेच वळलेला राहिला. तिचा चेहरा उतरला. या जागेसाठी तिने पगाराची नोकरी सोडली होती. घरी रोज बोलणी खाल्ली होती. या दोन हट्टी म्हाताऱ्यांवर तिचा जेवढा राग होता तेवढाच जीव होता.

“उद्याचं उद्या,” ती म्हणाली. “दत्तारामदादांना घाट आज चढायचाय.”

आणि ती गाडीखाली शिरली.

नट गंजून पाईपाशी एकजीव झाला होता. तिने त्यावर पातळ तेल सोडले आणि वाट पाहू लागली. व्यापारी ट्रकभोवती फेऱ्या घालू लागला. बर्फ कोणासाठी थांबत नाही, हे त्याने तीन प्रकारे सांगितले. एक मिनिट वाट पाहणे जिच्या स्वभावात नव्हते अशी ती मुलगी गाडीखाली उताणी पडून, नाकावर तेल ठिबकत असताना, नटाकडे पाहत राहिली. तिने तेथूनच सांगितले की शेठ, ट्रक चिंचेच्या सावलीला घेता येणार नाही, पण गोणपाटे भिजवून मासळीवर टाकता येतील. व्यापाऱ्याने निमूट गोणपाटे भिजवली. हाताला काम मिळाल्यावर त्याचे तोंड थांबले.

मग तिने पाना लावला आणि नट केसभर आवळला.

टक्.

चिंचेखाली मेस्त्रींनी मान त्या आवाजाकडे वळवली. हा आवाज त्यांचाच होता.

दोन्ही नट सुटले. पट्टीचा स्क्रू सुटला, पण पट्टी पाईपाला चिकटूनच राहिली. तशीच ती सगळी लाईन तिने बाहेर काढली. कोणाला काही न सांगता ती चिंचेखाली गेली आणि मेस्त्रींच्या मांडीवर ठेवली.

मेस्त्रींनी एका टोकापासून अंगठा फिरवायला सुरुवात केली. नट चाचपला. पाईपाचे वळण चाचपले. ते वळण त्यांनीच गुडघ्यावर दिले होते, त्यांना ते ओळखीचे लागले. अंगठा पट्टीपाशी येऊन थांबला. त्यांनी नखाने पट्टी उचकटली. तिच्याखाली लोखंड नव्हतेच. ओल्या भाकरीसारखा थर होता. त्यांनी फार जोर लावला नाही. पाईप त्यांच्या हातात दोन झाला आणि उरलेले तेल धोतरावर सांडले.

पट्टीवरचा टिळा मात्र जसाच्या तसा होता. तांबडा, गोल, ताजा.

दत्ताराम खाली बसला. तो एवढेच म्हणाला की चौथ्या वळणावर समोरून एसटी आली की चाक पूर्ण डावीकडे तोडावे लागते, आणि तिथे कठडा नाही. मग तो म्हणाला, “मी रोज हात लावत होतो त्या टिळ्याला.”

धाकट्यांनी पाईपाचा माल हलका असणार असे काहीतरी सुरू केले. थोरल्यांनी हात वर केला आणि ते थांबले.

“वकील,” मेस्त्री म्हणाले, “नवी लाईन कर.”

तिने नवा पाईप मापाने कापला, कडा घासल्या, जुन्याच्या शेजारी धरून तसेच वळण दिले. मग त्याचे तोंड ठोकून फुलवले, म्हणजे नट आवळला की ते तोंड घट्ट बसावे. पहिले तोंड छान फुलले. दुसरेही छान फुलले. मग तिचे लक्ष बाकावर गेले. दोन्ही नट बाकावरच होते. तोंड फुलवण्याआधी नट पाईपात ओवायचे असतात; फुललेल्या तोंडावरून ते जात नाहीत.

धाकट्यांना इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. “वरात दारात आली,” ते म्हणाले, “आणि नवरा घरीच राहिला.”

व्यापारीही हसला. शेवटी तीही हसली. तिने दुसरा पाईप कापायला घेतला, तेव्हा कोणीतरी नट हातात धरून शेजारी उभे आहे असे तिला दिसले. धाकटे होते. त्यांनी एक नट ओवला, तोंड फुलवून होईतो वाट पाहिली, आणि दुसरा ओवला.

लाईन बसली. तेल भरले. पुढची चाके जॅकवर उचलली आणि दत्तारामने इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवले, पुन्हा फिरवले, टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत. मग इंजिन लावले. चाक एका बोटाने वळले. कण्हणे गेले.

फक्त पट्टी बसवायची राहिली होती. मुलीने ती हातात घेतली आणि दूर भंगारात फेकली.

आवाजावरून मेस्त्रींनी ओळखले. “काय टाकलंस?”

“पट्टी. तिनंच खाल्ला पाईप. आता मोकळाच राहू दे त्याला.”

“घेऊन ये,” मेस्त्री म्हणाले. “राग पट्टीवर काढू नकोस. मोकळा पाईप गाडीबरोबर थरथरतो. दिवसभर थरथरून तो मानेत, नटापाशी, चिरतो, महिन्याभरात. धरायला पाहिजेच त्याला. फक्त ज्यानं धरलंय त्यानं मधूनमधून हात उचलून खाली बघायला पाहिजे.” त्यांनी धोतरावरचा तेलाचा डाग चाचपला. “मी बघितलं नाही.”

तिने पट्टी आणली. ती घासून साफ केली, आतून ग्रीस भरले आणि बसवली. मग ती येऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि दोन वर्षे तिच्या तोंडात अडकून राहिलेला बारावा प्रश्न तिने पुन्हा विचारला. या वेळी तिचा आवाज चढा नव्हता.

“आबा, टिळा का लावायचा?”

धाकट्यांनी सवयीने तोंड उघडले. थोरले त्यांच्याआधी बोलले.

“आमच्या वस्तादांनी टिळा कधी लावला नाही,” ते म्हणाले. “ते रेघ मारत. नटावरून निघायची आणि पाईपावर जाऊन संपायची. सरळ, बारीक. नट जरा जरी हलला तरी रेघ मोडलेली दिसे. पोरासोरालाही कळे की आता उघडून बघायला पाहिजे. ती रेघ बघण्यासाठी होती. वस्ताद गेले, मी मारू लागलो. मग माझी नजर अधू झाली, हात कापायला लागला. रेघ वाकडी यायची. लोकांसमोर लाज वाटायची मला. म्हणून मी नुसता ठिपका ठेवायला लागलो. ठिपका वाकडा येत नाही. पण ठिपका मोडतही नाही, वकील. नट फिरला तरी ठिपका तसाच. लोक त्याला टिळा म्हणायला लागले, हात जोडायला लागले. मी म्हटलं, बरं आहे.”

चिंचेची दोन पाने त्यांच्या धोतरावर पडली. ती त्यांनी झटकली नाहीत.

वस्तादांची रेघ धाकट्यांनीही पाहिलेली असणार; तिचा ठिपका का झाला हे त्यांना ठाऊक होते की नव्हते, कोण जाणे.  मग ते उठले, आत गेले, आणि वरच्या फळीवरून तांबड्या रंगाची डबी घेऊन आले. झाकण त्यांनी उघडले. ब्रश त्यांनी तिच्यापुढे धरला. सकाळी जे बोललो ते धरून बसू नकोस, असे त्यांना म्हणायचे असावे. ते म्हणाले ते वेगळेच.

“लाव. आजपासून टिळा तुझा.”

दत्ताराम उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी नीट केली. व्यापाऱ्याने पायातल्या चपला काढल्या. टिळा लागला की निघता येईल, आणि टिळ्याशिवाय दत्ताराम गाडी घाटात घालणार नाही, हे त्याला माहीत होते. लाव बाय, तो म्हणाला, तुझ्या हाताला यश आहे. थोरले मेस्त्री काळ्या चष्म्याआडून तिच्या दिशेने पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असे काही होते की ते पाहून कोणीही नको म्हणू शकले नसते. ब्रश तिच्या हातात आला. दोन वर्षे तिला तोच हवा होता.

तो घेऊन ती ट्रकपाशी गेली. चौघे तिच्यामागून आले; मेस्त्रींना दत्तारामने हाताला धरून आणले. पुढची चाके अजून जॅकवर होती, त्यामुळे ती वाकली तेव्हा लाईन हाताशी आली. तिने ब्रश रंगात बुडवला आणि डबीच्या काठावर निपटून अगदी थोडा रंग ठेवला. मग श्वास रोखून नटावरून सुरू होणारी आणि पाईपावर संपणारी एक बारीक रेघ मारली. दुसऱ्या नटावर मारली. पट्टीच्या स्क्रूवर मारली. ती उभी राहिली तेव्हा दत्तारामचे बोट नेहमीसारखे पुढे आले होते.

“थांबा दादा, हात लावू नका,” ती म्हणाली. “टिळा मी लावणार नाही. आज नाही, कधीच नाही. ही रेघ आहे. हिला नमस्कार करायचा नाही, हिच्याकडे बघायचं. रोज. आणि मोडलेली दिसली की ज्याच्या हाती पाना असेल त्यानं उघडायचं. मी बांधलेलं असलं तरी. मला विचारायचं नाही.”

धाकट्यांच्या हातात डबीचे झाकण तसेच राहिले. व्यापारी एक चप्पल घालून, एक न घालता उभा होता. थोरल्या मेस्त्रींनी अंदाजाने हात पुढे केला. अंगठा रेघेपासून गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर आला, आणि रंग ओला आहे हे वासावरून ओळखून तिथेच थांबला.